डोंगर हेच दैवत : ब्रह्मगिरी आणि त्याची फेरी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण इथे जमतो, ते शाळेत भूगोल शिकवत आणि श्रावणात विद्यार्थ्यांना घेऊन ब्रह्मगिरीच्या फेरीला जात. भूगोल आणि फेरी या त्यांच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. म्हणून या वर्षी बोलायचं तर ब्रह्मगिरीवरच, असं मी ठरवलं. दुसरंही एक कारण आहे. २०२६-२७ चा सिंहस्थ तोंडावर आला आहे. रस्ते किती पदरी करायचे, घाट किती वाढवायचे, वाहनतळ कुठे ठेवायचे, यावर शहरात रोज चर्चा चालते. ज्या डोंगरापायी हा मेळा इथे भरतो, त्या डोंगराचं नाव त्या चर्चेत क्वचित निघतं.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. त्र्यंबकचं मूळ दैवत ब्रह्मगिरी आहे. कुशावर्त, ज्योतिर्लिंगाचं मंदिर, निवृत्तिनाथांची समाधी, आखाडे, मठ, धर्मशाळा ही सगळी त्याच्या अंगाखांद्यावर वाढलेली आहेत. आणि या दैवताची पूजा करण्याची आपल्या लोकांची सर्वांत जुनी रीत म्हणजे त्याला पायी प्रदक्षिणा घालणं. ही रीत नीट समजून घेतली, तर डोंगराचं काय करायचं या आजच्या प्रश्नाची निम्मी उकल होते.

आधी डोंगर पाहू. नाशिकहून त्र्यंबककडे निघालं की तीस किलोमीटरच्या आतच तो समोर उभा राहतो. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे ४,२०० फूट. कळसूबाई किंवा साल्हेरपेक्षा कमी, पण डोळ्यांत भरतो तो उंचीने नव्हे, रुंदीने. माथा लांबरुंद आणि सपाट, त्याच्याखाली सरळ तुटलेला काळा कडा, आणि कड्याखाली उतरत गेलेला मातीचा, झाडीचा घेर. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हारसाचे लोट एकावर एक पसरत गेले, चुलीजवळ रचून ठेवलेल्या भाकऱ्यांसारखे, आणि त्यांतूनच हे डोंगर घडले. जिथे घट्ट दगडाचा थर आहे तिथे कडा उभा राहिला; जिथे दोन थरांमध्ये सच्छिद्र, ठिसूळ पट्टा राहिला तिथे पावसाचं पाणी मुरतं, आडवं सरकतं आणि कड्याच्या पायाशी झऱ्याच्या रूपाने बाहेर येतं. गंगाद्वारची धार, डोंगरातली कुंडं आणि टाकी, पायथ्याच्या पाड्यांचे पाणवठे हे सगळं या एका रचनेवर चालतं.

पाऊस इथे नाशकापेक्षा कितीतरी अधिक. श्रावणात कडा दिसतच नाही. दिसतात त्या ढगांच्या फटीतून पांढऱ्या धारा. ज्यांनी ब्रह्मगिरी फक्त उन्हाळ्यात, दर्शनाच्या रांगेतून मान वर करून पाहिला आहे, त्यांनी तो पाहिलेला नाही असंच मी म्हणेन.

या पाण्याचा हिशेब फार मोठा आहे. पूर्वेकडच्या अंगाने उतरलेलं पाणी गोदावरी होतं. गंगापूर धरणात साठून आपल्या नाशिककरांच्या नळाला येतं, पुढे पैठण, नांदेड करत तेलंगण आणि आंध्र ओलांडून राजमहेंद्रीच्या खाली बंगालच्या उपसागराला मिळतं. एकूण १,४६५ किलोमीटरांचा प्रवास. खरं तर अरबी समुद्र इथून ऐंशी किलोमीटरांच्या आसपास आहे. तरी ही नदी त्याच्याकडे पाठ फिरवून सगळं दख्खन ओलांडते. आणि त्याच डोंगररांगेच्या पश्चिम अंगाला वैतरणा उगम पावते. ती कोकणात उतरते, आणि तिच्यावरच्या धरणांमधलं पाणी मुंबई पिते. म्हणजे दादरच्या चाळीतली बाई आणि राजमहेंद्रीचा भातशेतकरी हे दोघं एकाच डोंगराचे ऋणी आहेत. डोंगराला देव मानणाऱ्यांना हे गणित आकड्यांत ठाऊक नसेल, पण पाणी कुठून येतं हे पक्कं ठाऊक होतं.

गौतमांच्या कथेत तर दुसरं काही नाहीच. शिवपुराणातली ती कथा आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे, पण तिच्यातला क्रम लक्षात घ्या. आधी अवर्षण. मग गौतमांनी वरुणाकडून मिळवलेलं अक्षय पाणी. त्या पाण्यावर पिकलेलं धान्य आणि जगलेला आश्रम. मग शेजाऱ्यांचा मत्सर, शेतात घुसलेली गाय, दर्भाच्या काडीने तिला हाकलताना झालेली तिची हत्या. आणि मग प्रायश्चित्त. त्या प्रायश्चित्तात ब्रह्मगिरीला १०१ प्रदक्षिणा घालण्याचं सांगितलं आहे, गंगा आणून स्नान करण्याचं सांगितलं आहे, पार्थिव लिंगांची पूजा सांगितली आहे. शंकराने जटा आपटली आणि गंगा उतरली, ती डोंगराच्या माथ्यावर. तिथून ती गंगाद्वारी प्रकटली, आणि निसटून जाऊ नये म्हणून गौतमांनी दर्भाने अडवली ते कुशावर्त. माथा, कडा, पायथा : पाणी उतरण्याचे तिन्ही टप्पे कथेने तंतोतंत नोंदवून ठेवले आहेत. पाणी मिळवायचं तर आधी डोंगराभोवती चाला, हा क्रमही कथेचाच.

डोंगराच्या पाच शिखरांना शिवाच्या पाच मुखांची नावं आहेत : सद्योजात, वामदेव, अघोर, ईशान आणि तत्पुरुष. म्हणजे मूर्ती म्हणून पाहायचं ते या डोंगरालाच. म्हणूनच जुने भाविक ब्रह्मगिरीवर चढत नसत. प्रत्यक्ष शिवाच्या अंगावर पाय कसा ठेवायचा? ते खालून फिरत. १९०८ साली कराचीच्या एका शेटजींनी दगडी पायऱ्या बांधून दिल्या आणि वर जाण्याची वाट सोपी झाली. तोवर वर चढले ते जास्त करून सैनिक. कारण हा डोंगर किल्लाही होता. १६३६ साली शहाजीराजांना मोगलांशी तह करून जे किल्ले सोडावे लागले, त्यांत त्र्यंबक होता. १६७० साली मोरोपंत पिंगळ्यांनी तो स्वराज्यात आणला. १८१८ च्या एप्रिलमध्ये कर्नल मॅकडॉवेलच्या तोफांपुढे तो इंग्रजांकडे गेला. लष्करी इतिहासावर बोलण्यासारखं बरंच आहे, पण आजचा तो विषय नाही. एका जागेचा उल्लेख मात्र करतो, कारण ती पाहिल्याशिवाय या डोंगराची घडण कळत नाही. ती जागा म्हणजे दुर्गभांडार. मुख्य डोंगरापासून सुटलेला हा एक सुळकेवजा भाग आहे. तिथे जायला कातळाच्या अरुंद चिरेत खोल पायऱ्या कोरल्या आहेत. दोन्ही बाजूंना भिंती इतक्या जवळ की खांदे घासतात. खाली दरवाजा आहे तो बसून, जवळजवळ सरपटत ओलांडावा लागतो. बाहेर पडलं की दोन्हीकडे दरी आणि मध्ये दगडाची निरुंद नैसर्गिक धार. ती ओलांडून पुन्हा तसाच दरवाजा आणि तशाच पायऱ्या. त्या कोरणाऱ्यांची नावं कुठेही नाहीत. टाकीच्या फटकाऱ्याने उठलेल्या खुणा अजून भिंतीवर बोटाला लागतात.

पायथ्याचं त्र्यंबकेश्वराचं मंदिर नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतलं ते १७५५ मध्ये, आणि पुरं झालं १७८६ मध्ये. काळ्या दगडातलं ते काम अप्रतिमच आहे, त्याविषयी दुमत नाही. मला त्यात आणखी एक गोष्ट मोलाची वाटते : पेशव्यांच्या हाती तेव्हा दौलत होती, तरी त्यांनी मंदिर बांधलं पायथ्याशी. माथा त्यांनी मोकळा ठेवला. वर आजही मूळगंगेचं आणि जटेचं स्थान एवढीच लहान देवळं आहेत. बाकी वारा आणि गवत.

याच्या शेजारी चीनमधल्या वूडांग पर्वताचं उदाहरण ठेवून पाहावंसं वाटतं. ताओ मताच्या साधकांचा तो मोठा पवित्र डोंगर. उंची ब्रह्मगिरीपेक्षा थोडी अधिक, सुमारे १,६०० मीटर. झेन्वू हा तिथला मुख्य देव, उत्तर दिशेचा आणि पाण्याचा स्वामी. राज्य सोडून डोंगरात तप करणारा राजपुत्र अशी त्याची कथा आहे. मिंग घराण्याच्या योंगले सम्राटाने १४१२ मध्ये तिथे बांधकामाचा प्रचंड घाट घातला. लाखो मजूर राबले. अगदी शिखरावर सोन्याचा मुलामा दिलेलं ब्राँझचं देवघर १४१६ मध्ये उभं राहिलं. १९९४ साली युनेस्कोने त्या वास्तूंना जागतिक वारशाचा दर्जा दिला. ते वैभव पाहून कुणाचेही डोळे दिपतील. पण तिथे वारसा म्हणून दाखवतात ती राजाने बांधलेली वास्तू. ब्रह्मगिरीचा वारसा दाखवायचा तर वीस किलोमीटरची एक पाऊलवाट दाखवावी लागते. तिला कळस नाही, म्हणून ती कोणत्याही यादीत चढत नाही, आणि म्हणूनच ती मोडली तरी कुणाच्या लक्षात येत नाही.

ताओ साधक आणि आपले नाथयोगी यांच्यात एक साम्य मात्र मन थक्क करणारं आहे. बीजिंगमधल्या श्वेतमेघ मंदिरात १८८६ साली कोरलेला एक शिलापट आहे. त्यात माणसाचं शरीर डोंगराच्या रूपात काढलं आहे. पाठीचा कणा म्हणजे चढती डोंगरधार, मस्तक म्हणजे शिखरं, आणि खालून वर, उलट्या दिशेने चढत जाणारा पाण्याचा प्रवाह. आपल्याकडे पाठीच्या कण्याला मेरुदंड म्हणतात आणि ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचा जो प्रवास वर्णिला आहे तोही असाच खालून वर, मस्तकाकडे जातो. तो नाथांचा पंथराज. डोंगरात राहून साधना करणाऱ्या माणसांना आपल्या देहात डोंगर दिसावा, हे दोन देशांत स्वतंत्रपणे घडलं की वाटसरूंबरोबर इकडचं तिकडे गेलं, यावर विद्वानांनी बोलावं. मला एवढंच सांगायचं आहे की ब्रह्मगिरीच्या गुहेत जे घडलं, त्याला गुहेची जागा अनुरूप होती.

काय घडलं ते आपण जाणतोच, तरी सांगतो. विठ्ठलपंत आपली मुलं घेऊन त्र्यंबकला आले होते. संन्यास सोडून पुन्हा संसारात आलेल्या माणसाला समाजाने वाळीत टाकलेलं. त्या दुःखात ते काय करत होते? ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा. परंपरा सांगते की प्रदक्षिणेच्या वाटेवर वाघ आला, सगळ्यांची पांगापांग झाली आणि थोरला निवृत्ती वाट चुकून एका गुहेत शिरला. गुहेत गहिनीनाथ होते. आदिनाथ, मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ आणि मग निवृत्तिनाथ. ज्ञानेश्वरांनी आपल्या ग्रंथाच्या अखेरीस जी गुरुपरंपरा दिली आहे, तिचा शेवटून दुसरा दुवा या डोंगरात जोडला गेला. निवृत्तिनाथांनी ते सगळं धाकट्या भावाला दिलं, आणि १२९० मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी पुरी झाली.

इथे क्षणभर थांबू या. मराठी भाषेतल्या सर्वांत मोठ्या ग्रंथाची गुरुपरंपरा एका फेरीतून आपल्यापर्यंत पोहोचली आहे. ती फेरी एका बहिष्कृत कुटुंबाची होती. देवळाची दारं ज्यांना बंद असत, त्यांना डोंगराभोवतीची वाट मोकळी होती; कारण डोंगराला दार नसतं. त्या वाटेवर आजही कुणी कुणाची जात विचारत नाही, सोवळंओवळं पाळत नाही. वारकरी पंथाने पुढे जी पायी चालण्याची परंपरा वाढवली, तिची पावलं मला इथे दिसतात. ही माझी समजूत आहे, पुरावा म्हणून मी ती मांडत नाही. पण ती माझ्या मनातून जात नाही.

ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये आळंदीला समाधी घेतली. सोपानदेव सासवडला गेले, मुक्ताबाई तापीकाठी. सगळ्यांना निरोप देऊन निवृत्तिनाथ १२९७ मध्ये जिथे गुरू भेटले त्याच डोंगराच्या पायथ्याशी परतले आणि समाधिस्थ झाले. पौष वद्य एकादशीला तिथे यात्रा भरते. माघारी जाणाऱ्या थंडीत खानदेश, नगर, मराठवाड्यातून दिंड्या येतात आणि त्र्यंबकच्या अरुंद गल्ल्या टाळमृदंगाने भरून जातात. ज्येष्ठात याच समाधीपासून पालखी पंढरीला निघते. ज्योतिर्लिंगाला येणारा भाविक आणि नाथांच्या समाधीला येणारा वारकरी यांची त्र्यंबकमध्ये गाठ पडते. आखाडे आले म्हणजे तिसरा प्रवाह मिळतो. सिंहस्थात शैव आखाडे त्र्यंबकला कुशावर्तात स्नान करतात आणि वैष्णव नाशकात रामकुंडावर; ही वाटणी जुन्या भांडणांतून झाली, ती आता परंपरा झाली आहे.

सिंहस्थाच्या वर्षातली एक गोष्ट मात्र फार थोड्या नाशिककरांना ठाऊक आहे, आणि तिच्याकडे मला मुद्दाम लक्ष वेधायचं आहे. ती म्हणजे नाथयोग्यांची झुंडी. शाही स्नानांची छायाचित्रं जगभर जातात, झुंडीकडे कॅमेरे फारसे वळत नाहीत. कुंभात जमलेले नाथयोगी बारा वर्षांसाठी एका योग्याची निवड करतात. तो मंगळुरूच्या कद्री मठाचा राजा व्हायचा असतो. नागपंचमीच्या सुमारास शेकडो योगी त्र्यंबकहून निघतात, बरोबर पात्रदेवता, आणि पायी चालत, मुक्कामामागून मुक्काम करत, महाराष्ट्र ओलांडून कर्नाटकात उतरतात. सहा महिन्यांहून अधिक चालल्यावर महाशिवरात्रीच्या सुमारास ते कद्रीला पोहोचतात आणि तिथे नव्या राजाला गादीवर बसवतात. कद्रीच्या मंजुनाथ मंदिरात लोकेश्वराची ब्राँझची भव्य मूर्ती आहे. तिच्यावर ९६८ सालचा लेख आहे, आणि मूर्ती बौद्ध परंपरेतली आहे. म्हणजे सह्याद्रीच्या एका टोकाच्या डोंगरापासून तुळुनाडूच्या टेकडीपर्यंत सिद्धांची एक वाट शतकानुशतकं तुडवली जाते आहे आणि तिचा आरंभ आपल्या अंगणात आहे. २०१५ मध्ये ती निघाली होती. येत्या सिंहस्थात ती पुन्हा निघेल. तेव्हा वेशीपर्यंत तरी तिच्याबरोबर चालावं, अशी माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे.

नाशिकची भूमीच डोंगरांना पवित्र मानणारी आहे, हे सांगायला फार दूर जावं लागत नाही. पांडवलेण्यांच्या डोंगराचं जुनं नाव त्रिरश्मी. तिथल्या तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्री या सातवाहन राजमातेचा लेख आहे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. भिक्षूंना लेणं दान देताना ती त्रिरश्मीच्या शिखराला कैलासशिखराची उपमा देते. बौद्धांना दान आणि उपमा कैलासाची! म्हसरूळजवळची चांभारलेणी जैनांची गजपंथा. आणि ब्रह्मगिरीच्या शेजारचा अंजनेरी, हनुमंताचं जन्मस्थान म्हणून पुजला जाणारा. त्याच्या पायथ्याशी यादवकालीन हिंदू आणि जैन देवळं ओळीने उभी आहेत, त्यांतल्या एका जैन मंदिरात सेऊणदेव यादवाचा ११४२ सालचा लेख आहे. याच अंजनेरीच्या माथ्यावर कंदीलपुष्पाची एक जात सापडते. तिला वनस्पतिशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये अंजनेरीचंच नाव दिलं. २०१७ मध्ये हा परिसर संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाला. कड्यांच्या कपारींत गिधाडांची घरटी आहेत. लेख, देवळं, फुलं, गिधाडं : माझ्या मते हा सगळा एकच वारसा आहे. पुरातत्त्व खात्याने एक सांभाळायचं, वनखात्याने दुसरं, आणि देवस्थानाने तिसरं, अशी त्याची वाटणी करता येत नाही.

आता फेरी. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी तिला लाखोंनी माणसं येतात. रविवारी दुपारपासून नाशकातून एस.टी.च्या जादा गाड्या सुटतात, रात्रभर सुटत राहतात. कुशावर्तात स्नान करायचं, त्र्यंबकराजाला बाहेरूनच हात जोडायचे आणि निघायचं. प्रयागतीर्थापाशी रस्ता वळतो. पेगलवाडी मागे पडते, पहिन्याच्या बाजूला डोंगर आपला दुसराच चेहरा दाखवतो : त्र्यंबकमधून भिंतीसारखा दिसणारा कडा इकडून सोंडा आणि घळींनी चिरलेला आहे, आणि प्रत्येक घळीतून ओहोळ धावतो. रात्री बारानंतरच्या पावसात त्या वाटेवर काय ऐकू येतं ते सांगतो. पुढे कुणीतरी बम बम भोले म्हणतं, मागून शंभर गळे साथ देतात, आणि घोष थांबला की फक्त हजारो ओल्या पावलांचा चिखलातला आवाज उरतो. पुष्कळजण अनवाणी. प्लास्टिकच्या इरल्यात पोर गुंडाळून घेतलेल्या आया, सिडको-सातपूरच्या कारखान्यांतले तरुण, नऊवारीचा काचा मारलेल्या म्हाताऱ्या, सगळे एका चालीने चालतात. गौतमाच्या धसाची उतरण आली की हात आपोआप पुढच्याच्या खांद्यावर जातो. अनोळखी माणसाचा खांदा असतो तो.

उजाडलं की वाटेच्या दोहो अंगांना खाचरं दिसतात. आवणी नुकती उरकलेली असते. भात गुडघाभर, वरकस जमिनीत नागली आणि वरई, थोड्याच दिवसांत खुरासणी पिवळी होणार असते. ही शेती महादेव कोळी, ठाकर, वारली कुटुंबांची. फेरीच्या रात्री त्यांच्या ओसऱ्यांवर कंदील असतो, चहाचं आधण असतं, पाणी असतं. डोंगराचे खरे सेवेकरी हेच, असं माझं ठाम मत आहे. यात्रेकरू रात्रभर येतो आणि जातो. कुठला झरा चैत्रापर्यंत टिकतो, कुठल्या घळीत दरड सुटते, कोणत्या झाडाला हात लावायचा नाही, हे त्यांना ठाऊक. आणि आपण त्यांच्या बांधावर काय टाकून येतो? पाण्याच्या बाटल्या, कागदी-प्लास्टिकचे पेले, उपवासाच्या चिवड्याची पाकिटं. दैवताला प्रदक्षिणा घालून त्याच्या पायाशी कचरा ठेवून येणं, याला भक्ती म्हणवत नाही.

कचरा तरी वेचता येतो. डोंगर फोडला तर परत जोडता येत नाही. २०२१ मध्ये ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी यंत्रं लावून उतार कापल्याचं उघड झालं. नाशिकमधले पर्यावरणप्रेमी, वारकरी, साधू आणि गावकरी एकत्र आले, तेव्हा ते काम थांबलं. मघाशी सांगितलेल्या दगडाच्या रचनेची आठवण करा. पायथ्याचा मातीचा घेर हा कड्यावरून आलेलं पाणी धरून ठेवणारा भाग आहे. तो कापला की वरची दरड सुटते आणि खालचा झरा आटतो. बंगल्याला डोंगराचा देखावा मिळतो, पाड्यावरच्या बाईला हंडा घेऊन एक टेकाड जास्त ओलांडावं लागतं. पुढे अंजनेरी ते ब्रह्मगिरी रोपवेचा प्रस्ताव आला. वयस्कर, अपंग भाविकांना वर जाता यावं, हा त्यामागचा हेतू वाईट नाही. पण गिधाडांच्या कड्यांवरून तारा ओढायच्या, राखीव माथ्यावर खांब रोवायचे आणि जिथे पेशव्यांनी मंदिर बांधलं नाही तिथे उपाहारगृह उभं करायचं, हे मला पटत नाही. वर जाणं ही या डोंगराची पूजा कधी नव्हतीच. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी फेरीच्या वाटेवर लहान वाहनं, बसायला ओटे, पाण्याच्या सोयी करता येतील. डोंगर खालूनही पुरता दिसतो.

त्र्यंबक गावात तर गोदावरीवर स्लॅब टाकून तिच्या वरून वहिवाट केली गेली. उगमापासून हाकेच्या अंतरावर नदी जमिनीखाली गेली आणि सांडपाण्यात मिसळली. त्याविरुद्ध काही नाशिककर हरित लवादापर्यंत गेले, वर्षानुवर्षं तारखा घातल्या. त्यांचे आभार या व्यासपीठावरून मानणं मी माझं कर्तव्य समजतो. सिंहस्थासाठी शेकडो कोटींची कामं मंजूर होत असताना मोकळ्या नदीची मागणी सर्वांत वर असायला हवी, कारण स्नान तिच्यातच व्हायचं आहे.

शेवटी एक काम सुचवतो, आणि ते या व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांनी अंगावर घ्यावं असं म्हणतो. फेरीच्या वाटेवरचे झरे, टाकी, कुंडं, थांबे, देवराया आणि जुनी झाडं यांची एकत्र यादी करावी लागेल. त्यांची नावं पायथ्याच्या गावांतल्या वयस्क माणसांना तोंडपाठ आहेत. ती त्यांच्याबरोबरच चालून, त्यांच्याच तोंडून लिहून घ्यायला हवीत. कुठला झरा कोणत्या महिन्यापर्यंत वाहतो, पूर्वी कोणत्या महिन्यापर्यंत वाहत होता, त्यावर किती घरं पाणी भरतात, हे नोंदवायचं. शाळेतली मुलं, महाविद्यालयातले भूगोल-भूशास्त्राचे विद्यार्थी आणि गावातले जाणते, अशा लहान लहान तुकड्या कराव्यात. ही यादी नकाशासह ग्रामसभांकडे, वनखात्याकडे आणि सिंहस्थाचं नियोजन करणाऱ्या अधिकाऱ्यांकडे द्यावी, म्हणजे पुढे यंत्र कुठे चालवायचं नाही हे कागदावर राहील. झऱ्यांची खरी परीक्षा माघ ते वैशाख असते, तेव्हा श्रावणाची वाट न पाहता उन्हाळ्यातच निघावं लागेल. पहिला टप्पा प्रयागतीर्थ ते पहिने ठेवावा, तिथवर एस.टी. जाते आणि लहान मुलांनाही ते अंतर झेपतं.